थंडीची लाट आणि उघड्यावरची झोप

डिसेंबर उजाडला की मराठवाड्यात एक बातमी ठरलेली असते. पारा घसरला, परभणी गारठली, गावोगावी शेकोट्या पेटल्या. सोबत धुक्यात हरवलेल्या रस्त्याचे छायाचित्र, हुरडा पार्ट्यांची चर्चा आणि उबदार कपड्यांच्या दुकानांतली गर्दी. बातमी खोटी नसते. पण ती दार लावून, गोधडी पांघरून झोपणाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली असते. ज्याला दारच नाही, त्याची रात्र कशी गेली, हे तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कोपऱ्यात ‘अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला’ एवढ्या एका ओळीत कळते. मृत्यूचे कारण त्या ओळीत सहसा नसते.

मराठवाडा आणि विदर्भ यांची ओळख उन्हाळ्याने ठरलेली. त्यामुळे इथली थंडी जीवघेणी असू शकते, हे प्रशासनाच्या आणि समाजाच्याही पटकन पचनी पडत नाही. आकडे मात्र स्पष्ट आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत जानेवारी २००३ मध्ये किमान तापमान २.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. भारतीय हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंशांच्या खाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक घटले, तर थंडीची लाट मानली जाते. पारा चार अंशांवर वा त्याखाली आला तर सरासरी न पाहताही लाट जाहीर होते. म्हणजे उत्तर भारतातल्या थंडीचे सारे निकष परभणी, हिंगोली, नागपूर या पट्ट्यात पुरे होऊ शकतात.

समुद्रापासून दूर, आभाळ मोकळे

याचे कारण भूगोलात आहे. समुद्र दिवसाची उष्णता धरून ठेवतो आणि रात्री सावकाश सोडतो, म्हणून मुंबईचा पारा फार खाली जात नाही. हिंगोली जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. ढग आणि बाष्प हे जमिनीवरचे पांघरूणच असते; ते नसले की दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडू लागते. वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा सगळ्यात थंड होते. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. उघड्या रानात किंवा फलाटाच्या फरशीवर झोपलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी थंडी म्हणून बातमीतल्या आकड्यापेक्षाही कडक असते.

माणसाचे शरीरही याच नियमाने उष्णता गमावते. उघड्या आभाळाखाली झोपलेला माणूस आकाशाकडे उष्णता सोडतो. झाडाखाली किंवा ताडपत्रीच्या छताखाली हीच गळती कमी होते. दुसरी गळती जमिनीकडे होते. अंगाखालचा कपडा वजनाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवणारी तीच हवा असते. त्यामुळे सिमेंटच्या फरशीवर एक ब्लँकेट अंगावर घेऊन झोपलेल्या माणसाची पाठ रात्रभर थंड होत राहते. तिसरी गोष्ट ओलीची. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने खेचते. दवाने भिजलेली गोधडी किंवा घामाने ओला झालेला सदरा नसलेल्या कपड्यापेक्षाही कधी कधी वाईट ठरतो.

शरीरात काय घडते

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया, म्हणजे अतिशीतता म्हणते. ३२ ते ३५ अंशांदरम्यान जोराचे कापरे भरते, हात-पाय सुन्न होतात, बोलणे अडखळते. ३२ च्या खाली गेल्यावर कापरे थांबते. बघणाऱ्याला वाटते, माणूस शांत झोपला. प्रत्यक्षात शरीराने उष्णता निर्माण करणे सोडून दिलेले असते. २८ अंशांखाली हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात. अखेरच्या टप्प्यात काही जण अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि भ्रमिष्ट मेंदूला उकडू लागल्यासारखे वाटते. अशा अवस्थेत सापडलेल्या मृतदेहाभोवती दारूच्या किंवा घातपाताच्या कथा रचल्या जातात, त्यामागे पुष्कळदा ही थंडी असते. दारू प्यायल्याने ऊब येते हा समजही असाच घातक. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम भासते आणि आतली उष्णता झपाट्याने बाहेर जाते.

परंतु थंडीने होणारे बहुसंख्य मृत्यू गारठून झालेले नसतात. थंडीत रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट होते; हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. श्वसनमार्ग कोरडे पडतात, न्यूमोनिया आणि दमा बळावतो. तेरा देशांतील ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण मृत्यूंपैकी ७.२९ टक्के मृत्यू थंडीशी आणि ०.४२ टक्के उष्णतेशी जोडलेले आढळले. त्यातही मोठा वाटा अतितीव्र थंडीचा नव्हता, तर बऱ्याच दिवसांच्या मध्यम थंडीचा होता. भारतातील ‘मिलियन डेथ स्टडी’च्या माहितीवर आधारलेल्या २०१८ मधील अभ्यासाचा कलही हाच होता.

आता सरकारी नोंद पाहावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या वर्षात देशभरात थंडीने ७२० मृत्यू झाल्याचे नमूद आहे. हा आकडा फक्त ‘थंडीने मृत्यू’ असे कुणीतरी लिहिले त्यांचा. ज्यांच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले गेले, ते त्यात नाहीत. थंडीची लाट आणि गोठवणारी थंडी या राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित आपत्ती आहेत. अशा मृत्यूसाठी आपत्ती निधीतून वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळू शकते. पण बेवारस म्हणून नोंदलेल्या माणसाला वारस नसतो आणि शवविच्छेदनात कारण नोंदले गेले नाही तर आपत्तीही घडलेली नसते.

बेघर कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. महाराष्ट्रात ही संख्या २ लाख १० हजारांहून अधिक होती. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. ज्यांना छप्पर असलेल्या वास्तूत राहता येत नाही, जे फुटपाथवर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर, फलाटावर झोपतात, ते बेघर, अशी जनगणनेची व्याख्या. एका रात्रीत, अंधारात, पोलिसांना पाहून जागा बदलणाऱ्या माणसांची मोजणी किती पुरी होत असेल, हा प्रश्न क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था तेव्हापासून विचारत आल्या आहेत.

या व्याख्येच्या कडेला उभा आहे तो सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातला माणूस. सोयाबीन आणि तुरीच्या कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात दिवाळीनंतर रानातली कामे आटोपतात. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी अनेक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मोठ्या शहरांतल्या बांधकामांवर जातात. गावात त्यांचे घर असते, रेशनकार्ड असते, मतदारयादीत नाव असते. कागदोपत्री ती बेघर नाहीत. पण वर्षातले सर्वांत थंड चार महिने ती घराबाहेर असतात, कारण साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि कडाक्याची थंडी यांचे वेळापत्रक एकच आहे.

उसाच्या फडाजवळची कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, चटई किंवा पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद. खाली काळी, ओलसर जमीन. शेजारी पाटाचे पाणी. पहाटे तीन-चारला फडात शिरायचे, तेव्हा उसाच्या पाल्यावर दव साचलेले असते. पहिल्या तासाभरात अंगावरचे कपडे ओले होतात. मोळी वाहताना घाम येतो, काम थांबले की तोच घाम गार पडतो. फडाच्या बांधावर टाकलेल्या झोळीतले तान्हे मूल त्याच हवेत असते. नवजात बाळाला कापरे भरून ऊब निर्माण करता येत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने त्याची उष्णता मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर निघून जाते. ओल, वारा, जमिनीशी थेट संपर्क आणि अपुरे अन्न हे अतिशीततेचे चारही घटक एका कोपीत एकत्र येतात. ही माणसे शहरी बेघरांच्या योजनेत बसत नाहीत, कारण ती शहरात नाहीत. आणि ग्रामीण घरकुलाच्या योजनेला त्यांची अडचण दिसत नाही, कारण त्यांचे घर गावी आहे.

कायदा आहे, पलंग रिकामे आहेत

शहरांपुरते बोलायचे तर कायद्याची बाजू भक्कम आहे. डिसेंबर २००९ मध्ये दिल्ली महापालिकेने पुसा रोडजवळचा तात्पुरता रात्रनिवारा ऐन थंडीत पाडला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात नेमलेल्या आयुक्तांनी ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने बेघरांना आसरा देण्याचे आदेश दिले. एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास चालणारा, हे सूत्र तिथून रूढ झाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघर निवाऱ्यांचा स्वतंत्र घटक आला. दर माणसी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय, स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी व्यवस्था, असे त्याचे निकष. लाख लोकसंख्येच्या शहरांबरोबर जिल्ह्याची मुख्यालये असलेली गावेही त्यात होती. २०११ साली पंच्याऐंशी हजार वस्ती असलेले हिंगोली शहर या दुसऱ्या गटातले.

मुंबईला लोकसंख्येच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. राज्यांच्या कामगिरीची तपासणी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती कैलास गंभीर यांची समिती नेमली. निधी पडून राहिला आणि निवारे झाले नाहीत, असेच चित्र त्यातून पुढे आले. याचे एक कारण पैशाच्या मांडणीतच आहे. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत ५० जणांच्या निवाऱ्याच्या चालवणुकीसाठी वर्षाला सहा लाख रुपये धरले होते. म्हणजे महिन्याला पन्नास हजार. त्यातून एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक यांचे पगारच भागवले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा हजार येतात आणि वीज, पाणी, साबण, औषधे यांसाठी रुपयाही उरत नाही. या अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. थंडीची मुदत अशी संपत नाही.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. जिथे निवारे आहेत तिथेही जानेवारीच्या रात्री काही पलंग रिकामे असतात आणि दोन किलोमीटरवर माणसे फुटपाथवर झोपलेली असतात. ‘त्यांना सवयच झालेली असते’ हे त्यावरचे सोपे उत्तर, आणि ते चुकीचे आहे. हमाली करणाऱ्याला पहाटे चारला बाजारात हजर राहायचे असते. निवारा गावाबाहेर असेल तर तो रोजगार गमावतो. भंगार वेचणाऱ्याला आपले पोते आणि हातगाडी बाहेर सोडता येत नाही. नवरा-बायकोला वेगवेगळ्या इमारतींत झोपायला सांगितले की कुटुंब फुटपाथ पसंत करते. आधार कार्डाची मागणी झाली की ज्याचे सगळे कागद पावसात वाहून गेले तो परत फिरतो. आणि मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ अजून महाराष्ट्रात जिवंत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रात मात्र रात्री गाडीत बसवायला आलेला माणूस निवाऱ्यात नेणार की भिक्षेकरीगृहात, ही धास्ती कायम आहे. ज्या यंत्रणेला माणूस घाबरतो, तिने दिलेले ब्लँकेटही तो दुरूनच घेतो.

तापमापक आणि दिनदर्शिका

जगातल्या शहरांनी यावर दोन पद्धती अवलंबल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे तापमान शून्य अंशांवर किंवा खाली गेले की ‘कोड ब्लू’ लागू होतो आणि त्या रात्री निवाऱ्याच्या दारातून कुणालाही परत पाठवले जात नाही. दिल्लीत तापमानाऐवजी दिनदर्शिकेला धरून, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जादा तंबू उभारले जातात आणि फिरती पथके रात्री माणसे शोधून आणतात. मराठवाड्याला दुसरी पद्धत अधिक मानवेल. थंडीचे बरेचसे मृत्यू लाट जाहीर नसलेल्या दिवसांत होतात. लाटेच्या घोषणेची वाट पाहत बसणारी यंत्रणा नेहमीच उशिरा पोहोचते.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत यांसारख्या गावांना यासाठी दिल्लीएवढा पैसा लागत नाही. इथे बेघरांची संख्या शेकड्यांच्या आत असू शकते आणि ती कुठे झोपतात हे बसस्थानकाच्या चहावाल्यापासून रात्रपाळीच्या पोलिसापर्यंत सर्वांना ठाऊक असते. १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात बसस्थानकाच्या किंवा हिंगोली डेक्कन रेल्वे स्थानकाच्या चालत जाण्याच्या अंतरावर नगरपालिकेची एक शाळा, एक समाजमंदिर रात्री सातपासून उघडे ठेवता येते. जमिनीवर जाड सतरंजी आणि तिच्याखाली पुठ्ठा किंवा पाचट. वारा अडवणाऱ्या भिंती, पण वरची झडप उघडी, कारण दाटीवाटीने झोपलेल्या बंद खोलीत क्षयरोग फैलावतो. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असलेल्यांची थुंकी तपासणी तिथेच. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा मात्र कदापि नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात रुग्णाच्या पायाशी वा व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांचाही या नियोजनात समावेश हवा. खेड्यातून आलेला तो माणूस त्या रात्रीपुरता बेघरच असतो.

ऊसतोड मजुरांचा प्रश्न नगरपालिकेचा नाही. तो कारखान्याचा आणि साखर आयुक्तालयाचा आहे. गाळप परवान्याच्या अटींत कोपीसाठी ताडपत्री, जमिनीवर अंथरायला जाड आवरण, कोरड्या कपड्यांची सोय आणि पहाटेच्या तोडणीची वेळ थंडीच्या दिवसांत पुढे ढकलण्याची मुभा एवढे घालणे कठीण नाही. फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्या हंगामात किती कोप्या आणि त्यांत किती तान्ही मुले आहेत, याची यादी असली पाहिजे. ज्या मुलांना आई-वडिलांबरोबर जावे लागते, त्यांच्यासाठीच्या हंगामी वसतिगृहांकडे केवळ शिक्षणाची योजना म्हणून न पाहता थंडीपासूनच्या संरक्षणाची योजना म्हणूनही पाहावे. साखऱ्यातली आजी नातवंडांना घेऊन घरी राहू शकली, तर ती मुले प्लास्टिकच्या कागदाखाली झोपत नाहीत, एवढी साधी ही बाब आहे.

ब्लँकेटच्या पलीकडे

डिसेंबरात ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळांची संख्या वाढते, हे चांगलेच आहे. त्या वाटपाला थोडी शास्त्राची जोड दिली तर तेच पैसे अधिक जीव वाचवतील. दोन ब्लँकेट देताना एक अंगाखाली घ्यायला सांगावे किंवा त्याऐवजी रिकाम्या पोत्यांत पाचट, कडबा भरून गादी करून द्यावी. कानटोपी आणि मोजे ब्लँकेटइतकेच महत्त्वाचे. वाटप फोटो काढून संपवू नये. आठवड्यानंतर ते ब्लँकेट कोरडे आहे का, हे पाहणारे कुणी हवे.

आणि रात्री रस्त्याच्या कडेला कुणी अडखळत बोलताना, कापरे थांबून निपचित पडलेले दिसले तर दारुडा समजून पुढे जाऊ नये. त्याला वाऱ्यापासून आडोशाला, पण हळुवार हलवावे. अतिशीत हृदय हिसक्याने बिघडते. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण डोक्यासकट द्यावे. हात-पाय चोळू नयेत, दारू देऊ नये. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि १०८ वर फोन करावा.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या. बेघराला आसरा आणि उघड्याला वस्त्र यांना त्यांनी धर्माच्या कामात वरची जागा दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. दरवर्षी त्यांची पुण्यतिथी येते ती कडाक्याच्या थंडीतच. त्या दिवशी पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने त्याच संध्याकाळी एक दार उघडले आणि ते मध्य फेब्रुवारीपर्यंत बंद केले नाही, तर पुढच्या जानेवारीत पारा चार अंशांवर गेला तरी ती बातमी केवळ हवामानाची राहील.